ओठावरचं बोट

सकाळपासून मानसीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. डबा भरला, उघडून बघितला, पुन्हा भरला. साडेतीन वर्षांचा चिन्मय बूट घालून दाराशी उभा होता. आज शाळेतल्या मोठ्या मॅडम त्याच्याशी बोलणार होत्या. बोलला तर नर्सरीत, नाहीतर आणखी एक वर्ष धाकट्यांच्या वर्गात. आणि हे पोरगं तर शाळेत तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं!

"घरी फक्त इंग्लिश बोला," असं त्याच्या टीचरनी दिवाळीत सांगितलं होतं. झालं! पुण्याची ही हुशार सून, तिने हैदराबादेत कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये मराठीला बंदीच घातली. चिन्मय 'पाणी' म्हणाला की हिचं बोट ओठावर. पंचाईत झाली ती सासऱ्यांची. भगवंतराव जन्मापासून इथलेच, मराठीत उर्दू कालवून बोलणारे. नातवाला मांडीवर घेऊन म्हशीची गोष्ट सुरू केली की दोघंही जेवायचं विसरायचे. आता गोष्टीपुरतं इंग्रजी त्यांनी आणायचं कुठून? पोराच्या भल्यासाठी म्हणून बिचारे गप्प झाले.

निघता निघता म्युनिकहून मावसबहीण रंजनाचा फोन आला.

"अगं, मीही हाच शहाणपणा केला होता. घरात मोडकंतोडकं जर्मन. माझी तन्वी दोन्हीकडे मुकी झाली. शेवटी तिच्या बालवाडीच्या बाईच म्हणाल्या, घरी तुमच्याच भाषेत बोला. शेजारच्या तुर्की बाईचंही हेच रडगाणं आहे."

"तुमच्याकडे चालतं गं. इथे पोर मागे पडलं की कोण विचारतं?" मानसीने फोन ठेवला आणि पुन्हा डबा तपासला.

मॅडम स्वभावाने भल्या होत्या. त्यांनी हत्तीचं चित्र पुढे केलं, हसून इंग्रजीत विचारलं, हे काय? चिन्मय गप्प. चेंडू दाखवला. गप्प. शेवटी मानसीला राहवेना, तोंडून मराठीच निघालं.

"अरे, बोल ना राजा! हत्ती ना तो? आजोबांनी दाखवला होता ना तुला?"

चिन्मय खुर्चीवरून उतरून धावत आला आणि त्याने आपला इवलासा हात आईच्या तोंडावर दाबला. मग घाबरून मॅडमकडे बघत म्हणाला, "श्श!" आता आईला ओरडा बसेल, अशी भीती होती त्याला.

मानसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोर मागे नव्हतं की हट्टी नव्हतं. तिनेच शिकवलेलं ते चोख शिकलं होतं. तिला तिथेच रडू कोसळलं. मॅडमनी पाणी दिलं, नर्सरीचं नंतर बघू म्हणाल्या. तिचं लक्षच नव्हतं.

फाटकाबाहेर येताच तिने घरी व्हिडिओ कॉल लावला. "बाबा, याला म्हशीची गोष्ट सांगा."

भगवंतराव सावरून बसले. "वन... वन बफेलो..."

"मराठीत हो, बाबा."

"हौ बेटा," त्यांनी आवाज खाली आणला, "पन टीचरबाई बाजूला नाहीत ना?"

"असू देत. तुम्ही मोठ्यानं सांगा."

भगवंतरावांनी घसा खाकरला आणि म्हैस निघाली एकदाची पाण्याकडे. पण चिन्मय फोनकडे बघतच नव्हता. तो आईचं बोट बघत होता, ते कुठे जातंय ते.