टायरचा तळ

नांदेडच्या बसस्टँडसमोर, बँकेच्या पायऱ्यांना लागून मी तीस वर्षं बसतोय. रामकिशन माझं नाव. जोडे शिवतो. खरं सांगू? या शहरातल्या फरशांचा मला वीट आलाय. दवाखाना बांधला, फरशी आरशासारखी. मंगल कार्यालय बांधलं, तिथंही तेच. तोंड बघायला भिंतीवर आरसा असतो ना? मग पायाखाली कशाला पाहिजे?

मागच्या वर्षी एका खासगी दवाखान्यातल्या ओल्या फरशीवर माझी बायको पार्वती आपटली. मनगट वाकडं जुळलं. भाकरी थापायला बसली की अजून डोळ्यांतून पाणी येतं. तिथला मॅनेजर काय म्हणाला? "मावशी, चप्पल चांगली घालायची ना." फरशी ओली सोडणारा मोकळा, दोष चपलेचा. आणि चप्पल माझ्या हातची.

तेव्हापासून जो येईल त्याला मी टायरचा तळ ठोकतो. गिऱ्हाईक काहीही सांगो.

बुद्धप्रियालाही तोच ठोकला. चोवीस-पंचवीसची पोर. चार मुलींचा ग्रुप घेऊन लग्नाच्या संगीतात नाचते. लातूरला एका साखरपुड्यात ती स्टेजवरच घसरली. तळ चिकटावा म्हणून बुटाला कोल्ड्रिंक चोळून बघितलं होतं म्हणे, पण गुळगुळीत तळाला ते किती वेळ पुरणार? पाहुण्यांनी मोबाईल काढले, दात काढले. कार्यालय नवरीच्या बापाचंच; त्यानं बजावलं, "लग्नात मधी तूच पाहिजेस. पण पुन्हा पडलीस तर या कार्यालयात पाय ठेवायचा न्हाई." त्या कार्यालयावरच तिच्या ग्रुपचा अर्धा सीझन चालतो.

"काका, घसरायला नको," ती मला म्हणाली होती, "पण गिरकी फिरली पाहिजे."

मी पहिलं ऐकलं. दुसरं कानावर आलं आणि मी ते सोडून दिलं.

पाच दिवसांनी ती लंगडत आली. बूट पिशवीत होते. पिशवी माझ्या पुढ्यात आपटली.

"काय लावलं हो काका हे?"

"टायर. ट्रकचा. घसरलीस का?"

"न्हाई."

"मग?"

"सरावात मी फिरले, बूट फिरला न्हाई. गुडघा मधीच ऱ्हायला."

तिनं सलवार वर ओढली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. माणसाला आपली चूक कळली की तो आधी ओरडतो. मीही ओरडलो, "एवढं गरगर फिरायचंच कशाला म्हणतो मी!"

"मग काय पाटावर बसून नाचू? परवा लग्न हाय काका. दुरुस्त करा."

मी बूट लोखंडी पायावर चढवला आणि टायर उपसून काढला. टाचेखाली रबर ठेवलं, थांबायला. पुढं, पंज्याखाली, जुन्या चामड्याचा तुकडा खरबरीत बाजू बाहेर करून चिकटवला. एवढंच करायचं होतं. तीस वर्षांच्या कारागिराला एका पोरीनं एका वाक्यात सांगितलं होतं, आणि मी माझंच दुःख तिच्या बुटाला ठोकून मोकळा झालो होतो.

आता बघायचं कुठं? रस्त्यावर खडी. बँकेत तसलीच चकचकीत फरशी होती. आम्ही दोघं आत गेलो. तिनं बूट घातले तसा वॉचमन साहेबराव धावून आला.

"ए रामकिशन, बँक हाय ही. तमाशाचा फड न्हाई."

बुद्धप्रिया वळली. "साहेबराव मामा, तुमच्या पोरीच्या हळदीत मीच नाचले ना? तवा शिट्ट्या कोण वाजवत होतं?"

रांगेतल्या बाया फसकन हसल्या. साहेबराव म्हणाला, "कर बाई, लवकर कर. साहेब जेवायला गेलेत."

तिनं दुपट्टा कमरेला बांधला. हात पसरले. एक गिरकी. चामडं लोण्यासारखं फिरलं आणि टाच टेकली तशी ती खिळ्यासारखी थांबली. असा तळ माझ्या हातून कधी झाला नव्हता.

"अजून एक," मी म्हणालो. अधाशासारखा म्हणालो.

दुसऱ्या गिरकीत गुडघा दुमडला. तिनं काउंटर धरला म्हणून पडली नाही. ओठ पांढरे पडले.

साहेबरावानं खुर्ची सरकवली. ती बसली आणि बूट काढत म्हणाली, "तळ बरोबर हाय काका आता. गुडघा न्हाई."

मग तिनं फोन लावला. "शिल्पा, परवा मधी तू उभी ऱ्हा." पलीकडून काहीतरी मोठ्यानं आलं. "रडू नको. म्हणू दे नवरीच्या बापाला काय म्हणायचं ते. माझे बूट घाल... हाव, मोठे होतील. काका करून देतेत."

फोन ठेवून ती माझ्याकडं बघायला लागली. "तिचा पाय पाच नंबरचा हाय. आत काहीतरी घाला."

"तू काय करशील तिथं?"

"गाणं लावीन. मशीनजवळ स्टूल असतो."

"पोरी, माझं चुकलं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. नुसतं तेवढंच. असू द्या, जाऊ द्या, असलं काही म्हणाली नाही. का म्हणावं?

ती चपला घालायला लागली. रोजच्या, रबरी. तळ घासून पार सपाट झालेला. मी हात पुढं केला. "ती चप्पल इकडं दे. पाच मिनिटांत नवा तळ लावतो."

तिनं पाय मागं घेतला.

"नगं काका. हिला हात लावू नका."

मग ती कठडा धरून बँकेच्या पायऱ्या उतरली. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, मग पुढची पायरी. मी खाली येऊन माझ्या छत्रीखाली बसलो आणि शिल्पाच्या मापाचा पुठ्ठा कापायला घेतला.