सापडेपर्यंत

जानकीबाईंनी भात सोडला तो लेकीच्या, रीताच्या, एका वाक्यावर.

नऊ वर्षांपूर्वी रीताची परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगासाठी निवड झाली. डोंगराच्या पोटात, दीड किलोमीटर खाली, थंडगार द्रवानं भरलेलं दोन मजली टाकं. आणि त्याच्यापाशी बसून कोणी कधी न पाहिलेल्या एका कणाची वाट पाहायची. तो सगळ्या विश्वात भरून आहे असं गणित सांगतं, पण डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. धडकलाच तर टाक्यात बारीकशी ठिणगी उमटेल, एवढंच. सगळीकडे आहे आणि दिसत नाही, हे जानकीबाईंना लगेच पटलं. त्यांनी एकच विचारलं, "कवा सापडल?"

"दोन वर्षांत, बहुतेक," रीता म्हणाली. मंजुरीच्या कागदात तसंच लिहिलं होतं. असल्या कागदांत तसंच लिहावं लागतं.

जानकीबाई मोहाडीच्या चौंडेश्वरी देवीकडे गेल्या, ओटी भरली आणि ते सापडेपर्यंत भात सोडून आल्या. चहूकडे धानाच्या बांध्या, दोन्ही वेळा ताटात भात, अशा मुलखात. पेज सोडली, पोहे सोडले, मुरमुरे सोडले. हातमागावर विणायला बसण्याआधी ताण्याच्या सुताला भाताची खळ लावायच्या, तर नंतर बोटं तीनदा धुऊन मगच पाण्याचा पेला उचलायच्या. "दोन वर्सं त हायेत," असं शेजारणींना सांगायच्या.

यंदा मार्गशीर्षात रीता घरी आली, तेव्हा प्रयोग बंद होऊन महिना झाला होता. काही सापडलं नव्हतं. शेवटच्या लेखात तसं एका ओळीत लिहून आठशे माणसं आपापल्या वाटेनं गेली. रीताची नोकरीही त्यातच गेली. पण दारात पाऊल ठेवल्यावर ती नोकरी विसरली. खाटेवर आई अशी पडली होती, की गोधडीखाली कोणी आहे की नाही ते कळू नये. पोळ्याच्या सणापासून पोटाचं दुखणं लागलं होतं. छत्तीस किलो वजन राहिलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गहू, ज्वारी, दूध सगळं बंद केलं होतं. "मऊ भात द्या, पेज द्या," ते रीताला म्हणाले, "दुसरं काही यांच्या पोटात ठरत नाही. साबुदाण्यावर किती दिवस काढणार?"

सानगडीहून रत्नमालामावशी बहिणीच्या सेवेला आली होती. त्या सकाळी तिनं नव्या तांदळाची पेज केली, वाटी खाटेजवळ आणली.

"बाई, दोन चमचे घे वो."

जानकीबाईंनी मान फिरवली.

मावशीचा राग रीतावर निघाला. "नऊ वर्सं खड्ड्यात बसून राहिले तुमी लोक, नि आणलं काय? आमच्या गावात ईर खणली न पाणी नाही लागलं, त खणणाऱ्याले कोणी चहा बी पाजत नाही."

"पाणी नाही लागलं तर निदान कळतं ना मावशी, की इथं पुन्हा खणायचं नाही."

"येवढं सांगाले येवढा खर्च? नि सापडलं असतं, त काय झालं असतं? धान जास्त पिकलं असतं?"

"नाही. काहीच झालं नसतं. कळलं असतं, बस."

"कळलं असतं, हे काय कमी हाय?" खाटेवरून आवाज आला.

रीता खाटेच्या काठाशी बसली. सगळी रात्र तिनं एक वाट शोधली होती. "आई, ऐक. आम्ही जिथवर शोधलं तिथवर ते नाही, हे आम्हाला सापडलं. जगात कोणालाच ठाऊक नव्हतं ते. म्हणजे सापडलंच ना?"

जानकीबाईंनी डोळे मिटून मनापासून विचार केला. "पण ते हाय का नाही?"

"असेल कुठं. कदाचित नसेलही."

"मंग कसं म्हणू? मी देवीले 'ते सापडू दे' म्हटलं होतं. 'नाही ते सापडू दे' असं नाही म्हटलं बाप्पा."

मावशीनं रीताला दंडाला धरून सैपाकघरात ओढलं. "सांगून टाक न सापडलं म्हणून! कोण येते इथं तपासाले? तिले काय तुहा इंग्रजी पेपर वाचता येते?"

"मावशी..."

"मरून जाईल माही बहीण. तुले समजून राहिलं काय?"

रीताला समजत होतं. पाच वर्षांपूर्वी टाक्यात चौदा ठिणग्या दिसल्या होत्या. तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले होते, आणि तिनं उतावीळपणे घरी फोन केला होता. इकडे जानकीबाईंनी भाताला आधण ठेवलं, आणि 'अजून पक्कं नाही' कळताच उतरवलं. मग तीन महिने तपासून रीतानंच भरसभेत उभं राहून सांगितलं, की त्या ठिणग्या यंत्राच्याच दोषाच्या आहेत. एकानंही तिला 'गप्प बस' म्हटलं नव्हतं. त्या आठशे माणसांपाशी दाखवायला दुसरं काही नव्हतंच. जे नाही ते 'आहे' म्हटलं नाही, एवढंच काय ते पदरात. आणि तेवढ्यासाठी आई जाऊ द्यायची?

नाही. सांगायचं. 'सापडलं', एक शब्द तर आहे.

ती बाहेर आली. पेजेची वाफ खाटेवर जात होती. जानकीबाईंचा चेहरा नकळत त्या वाफेकडे वळला होता, ओठ किंचित उघडे होते. लेकीची चाहूल लागताच त्या सावरल्या, लाजल्या.

"तिकडून फोनगीन आला काय वो?" त्यांनी विचारलं. "तू म्हणशील ते खरं. मी काय दुसऱ्या कोणाले पुसतो?"

रीतानं तोंड उघडलं. मागे दारात मावशी श्वास धरून उभी होती.

"नाही आई," ती म्हणाली. "आता फोन येणार नाही."

"दुसरं यंत्र?"

"मंजुरी नाही. मिळालीच तर पंचवीस-तीस वर्षं लागतील."

"बरं," जानकीबाई म्हणाल्या. जराशानं म्हणाल्या, "बरं."

"दगड हायेस वो तू, पोरी," मावशी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून अंगणात गेली.

रीता वाटी उचलायला वाकली. जानकीबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताला वजनच नव्हतं.

"अन्न हाय. टाकू नको. तू खा."

"आई, मला नाही जाणार."

"नव्या धानाचं हाय. खा, माह्यासमोर बस."

रीता बसली. एक चमचा घेतला, दुसरा घेतला. जानकीबाई तिच्या हाताकडे, घशाकडे बघत राहिल्या, वाटी संपेपर्यंत.

"मीठ बराबर पडलं?"

"पडलं," रीता म्हणाली.