डोकं घरून आणलेलं

घणानं मारलेल्या पहिल्याच ठोशात माझा पुढचा दात निघाला आणि मालकाच्या टेबलावर, बरोब्बर सहीच्या कागदावर जाऊन पडला.

मी म्हटलं, "घ्या, माझी सही झाली."

त्यावर दुसरा ठोसा बसला. काही लोकांना विनोद कळायला वेळ लागतो, हात मात्र लगेच चालतो.

घण म्हणजे आमच्या प्रेस-शॉपचा, पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांच्या खात्याचा, सुपरवायझर. नात्यानं मालकाचा मेहुणा. नट उघडता येत नाही, माणसं मात्र झकास उघडतो. टेबलापलीकडे माझी भाची उभी होती. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, आमच्याकडे ट्रेनिंगला आलेली. माझं रक्त बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण पेन काही तिनं उचललं नाही.

कागदावर लिहिलं होतं, पहारेकरी कंपनीचा, हिचा त्यावर हक्क नाही.

पहारेकरी हे नाव मीच ठेवलेलं. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब आणि मधे न दिसणारा उजेडाचा पडदा. पडद्यात बोट गेलं की प्रेस जागच्या जागी थांबते. पोरीनं हे हौसेनं नव्हतं केलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या प्रेसनं तिच्या बाबांची, म्हणजे माझ्या भाऊजींची, उजव्या हाताची बोटं चावून थुंकली होती. अजून त्यांच्या बुटाची नाडी माझी बहीण बांधते. सही झाली की मालक पहारेकरी बाहेर विकणार होता. आमच्या प्रेसवर लावणार नव्हता. का? तर काम हळू होतं म्हणे.

"पोरी, वीज माझी, लोखंड माझं, वेळ माझा," मालक म्हणाला. "मग शोध कुणाचा?"

"डोकं मी घरून आणलं होतं."

"हेच शिकवतात वाटतं कॉलेजात?"

"नाही ना. कॉलेजात यंत्र बनवायला शिकवलं. ते कुणाचं असतं, यावर एक तास नव्हता. तो तुम्ही घेताय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फी मामाच्या तोंडातून."

तेवढ्यात गिऱ्हाइकं आली. मालकानं कोट झटकला. "गिऱ्हाईक जाईपर्यंत विचार कर. सही नाही, तर तुझ्या मामाचे उरलेले दात घण खिशात घालून देईल."

"खिसा फाटका आहे, पिशवीत द्या," मी म्हटलं. तिसरा ठोसा पोटात.

गिऱ्हाइकं म्हणजे एक जाडजूड बाई, डोक्यावर हेल्मेट, आणि तिच्या मागे दोन माना डोलावणारे. मालकानं त्यांना कोपऱ्यातल्या प्रेसपुढे उभं केलं. दाखवण्यापुरते पहारेकऱ्याचे खांब तिच्यावरच बसवले होते. "हा शोध आमच्या मेहुण्यांचा!" घणानं छाती फुगवली. त्याच्या बोटांवर माझं रक्त अजून ओलं होतं.

आता गंमत ऐका. पोरीनं पहारेकऱ्याला एक सवय लावली होती. सकाळी आधी बोटाएवढ्या जाडीची पिवळी काठी पडद्यातून फिरवायची. ती त्याला दिसली, तरच प्रेस हलणार. आधी लाकूड, मग हात. हे घणाला ठाऊकच नव्हतं. आणि काठी कुठे? माझ्या हातात. मी गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहून काठीनं मजेत पाठ खाजवत होतो.

घणानं पेडल दाबलं. प्रेस ढिम्म. पुन्हा दाबलं. एक मान डोलावणारा खोकला. मला हसू दाबताना उरलेले दात दुखायला लागले.

मग घणानं तेच केलं, जे आमच्या शॉपमध्ये सगळेच करतात. काही अडलं की मारा तार. पंखा बंद, मारा तार. घंटी बंद, मारा तार. त्यानं पहारेकऱ्याची पेटी उघडली आणि दोन स्क्रूंवर तारेचा तुकडा टाकला. पेडल दाबलं. धाड! प्रेस खाली आली. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. खांबावरचा लाल दिवा लागलेलाच होता, तेव्हा गड्याला वाटलं, पहारेकरी जागा आहे. तारेनं त्याला वगळून प्रेसला थेट वीज दिली होती, तो तर मेला होता. नुसता दिवा जिवंत.

माझं हसू तिथंच गोठलं.

"बघा," घण म्हणाला, "आता मी माझा स्वतःचा हात घालतो."

"काका, हात नको!" भाची ओरडली. "तार मारलीय, थांबणार नाही ती!"

"गप गं! घाबरली बघा!" त्यानं हात आत घातला. पाय पेडलवर.

एक क्षण मला वाटलं, जाऊ दे. खरंच वाटलं.

पोरीला तसं वाटलं नाही. तिनं भिंतीला टेकवलेला लोखंडी पाइप उचलला आणि जीव खाऊन त्याच्या कोपरावर हाणला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. हात बाहेर फेकला गेला, पाइप आत निसटला आणि धाड! पाइपाचं टोक चपटं झालं.

घण जमिनीवर लोळत किंचाळत होता. एक हात लोंबत होता आणि दुसऱ्या हातानं तो त्याची बोटं चाचपत होता. पुन्हा पुन्हा.

"हे बनवलं कुणी?" बाईनं विचारलं.

"मेहुण्यांनी!" मालक म्हणाला.

"मी नाही!" घण खालून बोंबलला. "आईशपथ मी नाही! तिचं आहे, तिचंच आहे!"

मालकानं आधी त्याच्या बरगडीत लाथ घातली, मग मोठा हातोडा उचलून खांबांवर तुटून पडला. काचा उडाल्या, एक त्याच्याच गालात घुसली, तरी थांबेना. "माझं लोखंड! माझी वीज!"

भाची शांतपणे बघत राहिली. हाताला पाइपाचा गंज लागला होता, तो तिनं पुसला. "तोडा. खांब तुमचेच आहेत. डोकं मी घरी घेऊन चालले."

मी ऑफिसात जाऊन माझा दात उचलला. बिनसहीचा कागद तिथंच होता, त्यातच गुंडाळला.

फाटकाशी हेल्मेटवाली बाई भाचीला गाठून विचारत होती, पुन्हा बनवशील का?

"बनवते. पण पहिला त्या कोपऱ्यातल्या प्रेसवर बसेल. नंतर तुमच्या."

"ती प्रेस तर त्या माणसाची आहे."

"हो. पण तिथे हात आमचे असतात."

"बरं, पहिला तिथेच," बाईनं मान डोलावली. मग माझ्याकडे वळली. "आणि ही काठी कसली?"

"आधी ही घालायची, मग हात," मी काठी तिच्या हातात दिली. "मधल्या वेळात पाठ खाजवा."