इस्त्री आणि सुरकुती

"काका, अगदी खरं सांगा हं, तुम्ही घोडीवरून पडलात, की घोडीनेच कंटाळून तुम्हाला खाली उतरवलं?"

एवढं एका दमात बोलून तोफेने मागे वळून पाहिलं. पागेच्या फाटकाच्या गजांमध्ये दोन चेहरे अडकवल्यासारखे दिसत होते, एक चष्मिसचा आणि एक लांबडीचा. दोघींनी हसू दाबायला रुमालाचे बोळे तोंडात कोंबले होते. पैज त्यांचीच. 'तू एवढी तोफ ना, मग विचारून दाखव!' गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी हजेरीलासुद्धा 'हजर' इतकं हळू म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडून मोकळ्या व्हायच्या. मग एके दिवशी काय अंगात संचारलं कोण जाणे, भर प्रार्थनेत उभं राहून तिने मुख्याध्यापिकांना विचारलं, की मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी कधी बसणार? कडी बसली आणि तिला नाव पडलं. तेव्हापासून जे विचारायची कुणाची छाती होत नाही, ते विचारायचं कंत्राट तिच्याकडे.

काका म्हणजे बाबांचे जोडीदार. घोडेस्वार पोलिसांच्या जोड्या बऱ्याच होत्या, पण अशी जोडी दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. बाबा उंच, ताठ, गणवेशाची घडी अशी की बोट लागलं तर कापेल. काका बुटके, गोल, आणि त्यांचा गणवेश सकाळी अंगात चढतानाच रात्रभर त्यात झोपल्यासारखा. सगळी पागा त्यांना इस्त्री आणि सुरकुती म्हणायची. बाबांच्या घोड्याचं नाव वकील, कारण काहीही सांगा, तो आधी मान हलवून हरकत घ्यायचा. काकांची घोडी मावशी. वयस्कर, प्रेमळ, आणि गाजर दिसलं की कर्तव्य विसरणारी.

पडण्याचं प्रकरण गेल्या सुट्टीच्या दिवशी घडलं. बाजारात एका भामट्याने कुणाची तरी पर्स हिसकावली आणि सायकलवरून पोबारा केला. वकील सुसाट निघाला, वर बाबा पुतळ्यासारखे ताठ. मागून मावशी. आणि मग, चष्मिसच्या दादाने मोबाइलवर टिपलंय तसं, काकांचं खोगीर हळूहळू डावीकडे कलायला लागलं. खोगिराबरोबर काकाही कलले, घड्याळाचा काटा बारावरून नऊवर यावा तसे. तशा आडव्या अवस्थेतही त्यांची ड्यूटी चालूच होती: एकदा शिट्टी, एकदा 'बाजूला व्हा!', परत शिट्टी. शेवटी गाद्यांच्या दुकानाबाहेर रचलेल्या गाद्यांवर ते धपकन आदळले. पोटाखाली खोगीर लोंबकळणारी मावशी एकटीच पुढे आली, आणि तिला पाहून भामट्याची अशी बोबडी वळली की त्याने सायकल टाकली आणि स्वतःहून घोड्यावरच्या बाबांच्या पायाला मिठी मारली.

चष्मिसने दादाच्या त्या चित्रफितीला ढँ-ढँ-ढँ संगीत लावलं, वर मोठ्या अक्षरांत 'इस्त्री आणि सुरकुती, एक धडाकेबाज मारधाडपट' असं लिहिलं. जगातला सगळ्यात अप्रसिद्ध चित्रपट, प्रेक्षक फक्त शेवटच्या तीन बाकांवरचे. तोफही पोट दुखेपर्यंत हसली होती. पुढचा भाग मात्र चष्मिसने कापला होता. बिथरलेली मावशी कपबशांच्या दुकानात घुसली आणि दुकानदार आजीबाईंच्या पायाचं हाड मोडलं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

काका मावशीच्या अंगावरून ब्रश फिरवत होते. प्रश्न ऐकून ते खो-खो हसले. "उतरवलंच म्हणायचं गं, तोफखाना! माझं वजन काय फुलासारखं आहे होय?" मग ब्रश थांबला. "तंग सैल होता. खोगिराचा पोटपट्टा."

"मग निघण्याआधी बघायचा नाही का?"

"आपला आपण बघत नसतो. रीत आहे इथली." काकांनी मावशीच्या पोटावर थोपटलं. "ही लबाडं पट्टा आवळताना पोट फुगवतात. चार पावलं चालली की हवा सोडतात, पट्टा ढिला. म्हणून निघायच्या शिट्टीआधी वकीलचा तंग मी बघतो आणि मावशीचा तुझे बाबा. आणि मला तर माझं पोट ओलांडून तिचं पोट दिसतही नाही."

तोफ हसली. पण अर्ध्यातच तिचं हसू कुठेतरी अडखळलं. "म्हणजे त्या दिवशी बाबांनी..."

"बघितला होता ना त्यांनी. तूच तर होतीस तिथे."

"मी?"

"मोठ्या साहेबांपुढे चौकशी झाली ना, तेव्हा बाबा म्हणाले, मी तंग दोन बोटं आवळला, माझ्या मुलीने स्वतः पाहिलंय." काका पुन्हा ब्रश फिरवायला लागले, जरा जास्तच जोरात. "मी भांडणार होतो गं. पण म्हटलं, पोर कशाला खोटं सांगेल? मग मीच नंतर सैल केला असणार. करतो मी कधीकधी, म्हातारीला श्वास घ्यायला बरं पडतं म्हणून. आठवत नाही खरं तर. कितीही डोकं खाजवलं तरी आठवत नाही. वय झालं बहुतेक."

"मग आता?"

"आता काय, मी गोदामात. बूट-पट्टे वाटायचे. आणि हिचा लिलाव. परवा मोठे साहेब सही करतील." काका मावशीच्या कानात काहीतरी पुटपुटले, ते तोफेला ऐकू आलं नाही.

ती फाटकाकडे परत आली. लांबडीने विचारलं, "काय म्हणाले? चिडले?" तोफ म्हणाली, "नाही." एवढंच. तोफेच्या तोंडून एकच शब्द! दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

कारण तिला ती सकाळ अगदी काल घडल्यासारखी आठवत होती. तिने हट्ट धरला होता, "बाबा, एकदाच, वकीलवर बसवा ना!" बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, तिला वर चढवलं आणि लगाम धरून पटांगणात फिरवलं. तिला वाटलं होतं, आपण आभाळाला टेकलोय. एक फेरी झाली, मग आणखी एक. पलीकडे काका वाकून वकीलचा तंग बघून गेले, तिच्या बुटाला गुदगुली करून टोपी आणायला आत गेले. तेवढ्यात शिट्टी झाली. बाबांनी तिला पटकन खाली घेतलं, टांग टाकली आणि निघाले. शिट्टी होईपर्यंत त्यांचा हात लगामावरून हलला नव्हता. मावशीच्या जवळपाससुद्धा ते फिरकले नव्हते.

घरी आई बटाटे सोलत होती आणि बाबा टेबलावर शर्टाची बाही पसरून इस्त्री करत होते. रोजचंच दृश्य. तोफेने दप्तर खाली ठेवलं नाही.

"बाबा, मी काय पाहिलं त्या दिवशी?"

"कुठल्या दिवशी?"

"काका पडले त्या दिवशी. मी म्हणे तुम्हाला मावशीचा तंग आवळताना पाहिलं."

इस्त्री थांबली. बाबांनी आईकडे पाहिलं, आईने बटाट्याकडे. त्या एका नजरेत तोफेला सगळं कळलं. आईलाही ठाऊक होतं. तिला 'विचारत जा गं, तोंड उघडत जा' असं बारा वर्षं शिकवणाऱ्या आईला.

"मोठ्यांच्या कामात तू पडू नकोस," बाबा म्हणाले.

"मला तुम्हीच पाडलंत ना त्यात! मला न विचारता!"

"आवाज खाली."

"नाही होत खाली."

बाबांनी इस्त्री उभी ठेवली. "मग काय सांगायला हवं होतं मी? की सरकारी घोड्यावर पोरीला बसवून फिरवत होतो? नियमात बसतं ते? तूच हट्ट केलास ना? तुझ्यासाठीच तर..."

"माझ्यासाठी?" तोफेने एक पाऊल पुढे टाकलं. "मी हट्ट केला, हे खरं. ते सांगा ना मग! मी रागावणं सोसलं असतं. मी पाय मोडलेल्या आजींची माफीसुद्धा मागितली असती. पण काकांना वाटतंय ते विसरायला लागलेत. त्यांना वाटतंय त्यांच्या डोक्यात बिघाड झालाय, आणि तेही का, तर मी खोटं बोलणार नाही म्हणून! बाबा, त्यांनी तुमच्यावर नाही, माझ्यावर विश्वास ठेवलाय."

आईने सुरी खाली ठेवली. "हे बघ, काकांची नोकरी जात नाहीये. गोदामातही पगार तोच आहे. त्यांना मागेपुढे कोण आहे? एकटा जीव. बाबा आता प्रशिक्षक होतील, नव्या स्वारांना शिकवतील. सगळं घर त्यावर आहे गं. थोडं समजून घे."

"काय शिकवतील?" तोफेने विचारलं. "जोडीदाराचा तंग कसा बघायचा, ते?"

बाबांचा चेहरा पडला. ती बाबांना लहानपणापासून बघत आली होती. पावसात भिजलेले, तापाने फणफणलेले, वकीलने लाथ मारल्यावर लंगडणारे. पण असं चुरगळलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, जाऊन त्यांच्या कुशीत शिरावं, म्हणावं जाऊ दे. वर्षभरापूर्वी तिने तेच केलं असतं. खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं असतं आणि सकाळी काही झालंच नाही अशा थाटात शाळेत गेली असती.

"मी घाबरलो," बाबा हळूच म्हणाले. "साहेबांनी विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं. एकदा निघाल्यावर मागे कसं घ्यायचं?"

"काकांना तरी सांगायचं. ते रोज तुमच्याबरोबर चहा पितात."

"चहा पिताना तर अजिबात जमत नाही," बाबा म्हणाले. "तो माझ्या कपात साखर ढवळून देतो."

आईने पदराने डोळे टिपले. तोफेला दोघांचाही राग येत होता, आणि राग येतोय याचाच जास्त राग येत होता. आपलीच माणसं. तिच्याच नावाने, तिच्याच पाठीमागे. तिला आठवलं, मघाशी काका म्हणाले होते, पोर कशाला खोटं सांगेल. म्हणताना त्यांना जराही शंका नव्हती.

तिने डोळे पुसले, खांद्यावरचं दप्तर नीट केलं आणि ताठ उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. उद्या सकाळी शाळेच्या आधी मी पागेत जाणार आहे. पहिल्यांदा काकांकडे, आणि मग मोठ्या साहेबांकडे. मी वकीलवर बसले होते हे सांगणार, आणि मावशीकडे कुणीही गेलं नाही, हेही. बाबा, तुम्ही माझ्या आधी बोललात तर मी नुसती तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही बोललात, तर मी बोलेन. पण जाणार म्हणजे जाणार."