दोराचा एक वेढा

"श्वास आत घ्या," विमा एजंटाच्या पोटावरून लाइफ जॅकेटचा पट्टा ओढत ती म्हणाली. "सोडायची परवानगी संध्याकाळी मिळेल."

सगळे हसले. एजंट सगळ्यांत मोठ्याने हसला आणि त्या नादात पोट पुन्हा पट्ट्याबाहेर आलं. तिने पट्टा एक घर सैल केला आणि पुढच्या माणसाकडे वळली.

बोटीत पाच प्रवासी होते. एजंट एकटाच आला होता. एक नवं जोडपं होतं. ते आल्यापासून एकमेकांकडे फोनमधूनच बघत होतं. आणि एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, सोबत त्यांचे यजमान. यजमान हात मांडीवर ठेवून असे बसले होते, की परवानगीशिवाय शिंकले तर बाकावर उभं राहावं लागेल. मुख्याध्यापिका मागच्या मोसमातही येऊन गेल्या होत्या. सहल इतकी आवडली होती, की या खेपेला त्या यजमानांना दाखवायला घेऊन आल्या होत्या.

"आता बघा हं," त्या यजमानांना म्हणाल्या, "आता त्या कॅप्टनची ओळख करून देतील. नवरा-बायको आहेत दोघं. फार गमतीशीर."

तिने ओळख करून दिली.

"हे आमचे कॅप्टन. वादळाला भीत नाहीत, खडकाला भीत नाहीत. मग भितात कोणाला, ते विचारू नका. ती व्यक्ती इथेच उभी आहे."

स्टिअरिंगमागे उभ्या असलेल्या कॅप्टनने टोपी काढली आणि कमरेत वाकून दाखवलं. तिने धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावरून दोर सोडवला आणि हातात धरून ठेवला.

"कॅप्टन, निघायचं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा, बाईसाहेब."

"चला!"

बोट निघाली. हा नियम तिच्या वडिलांचा. दोर ज्याच्या हातात, शब्द त्याचा. ती म्हणेपर्यंत बोट हलायची नाही, मग पाठीमागे कोणी कितीही घाई करो. बाकीची वाक्यं तिची स्वतःची होती. स्पीडबोट घेतली त्या पहिल्या मोसमात कोणीतरी इंटरनेटवर अभिप्राय लिहिला होता, 'समुद्र सुंदर, माणसं गंभीर.' म्हणून तिने एका दुपारी बसून दोघांची वाक्यं रचली आणि त्याच्याकडून पाठ करून घेतली. त्याला पाठांतराचा कंटाळा. तरी केलं. अभिप्राय सुधारले.

या मोसमात ती दोघं फक्त तेवढीच वाक्यं बोलत होती. धक्क्यापासून धक्क्यापर्यंत. संध्याकाळी शेवटचा प्रवासी उतरला की संभाषण संपे. मग ती दोघं बुकिंगच्या टपरीवरच्या खोलीत जात आणि एकमेकांना वाट देत वावरत. मीठ हवं असलं तर ज्याला हवं तो उठे. दुकान बंद पडतं, पण पाटी उतरवायचं कोणाच्या लक्षात येत नाही, त्यातला प्रकार.

आज मोसमाची शेवटची फेरी होती. संध्याकाळच्या बसने ती बहिणीकडे जाणार होती, खाडीपलीकडे, आणि परत येणार नव्हती. बॅग भरून झाली होती. टपरीत, लाइफ जॅकेटांच्या मांडणीमागे लपवून ठेवली होती. राहिलं होतं ते फक्त त्याला सांगणं. आणि तिथेच घोडं अडलं होतं. घरात बोलायची सवय मोडली होती, आणि बोटीत काहीही बोललं तरी लोक हसत.

मोकळ्या समुद्रात आल्यावर कॅप्टनने वेग वाढवला. बोट लाटांवर आपटायला लागली. प्रवाशांच्या पिशव्या भिजू नयेत म्हणून नारिंगी प्लॅस्टिकच्या पोत्यांत घालून बोटीच्या नाकाजवळ बांधलेल्या होत्या. त्यातलं एक पोतं बरंच मोठं होतं. एजंटाचं असावं. माणूस एकटा असला की सामान जास्त आणतो. तिने त्यावर पाय टेकवला आणि पाठीमागे वळून बसली.

इथे तिचं वाक्य होतं. ते तिला म्हणावंसं वाटेना.

"आता त्या माहेरी जाईन म्हणतील," मुख्याध्यापिका यजमानांना म्हणाल्या. थोडं थांबून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात कविता म्हणताना अडलेल्या मुलीकडे पाहावं तसं. "हं. असंच चालवलंत तर..."

"असंच चालवलंत तर मी माहेरी जाईन," ती म्हणाली.

नवं जोडपं हसलं. सगळ्यांनी कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टन समोर पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर पाणी उडत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

"वाऱ्यात ऐकू गेलं नसेल," एजंट म्हणाला.

"त्यांनी म्हणायचं असतं, कोणता धक्का ते सांगा, आत्ता सोडतो," मुख्याध्यापिकांनी खुलासा केला. "मागच्या वेळी काय हसलो होतो आम्ही!"

यजमान हसले. सांगितल्यावर.

किनारा आला. पांढरी वाळू, चार छत्र्या, मागे एक उपाहारगृह. इथे बोट पाऊण तास थांबायची. प्रवाशांनी उपाहारगृहात काही घेतलं तर थांबण्याचं भाडं लागत नसे. उपाहारगृहाच्या दाराशी थंड पेयांचा काउंटर होता. तो काउंटर म्हणजे एक लाकडी होडी होती, मधोमध कापून उभी केलेली. आतल्या बाजूला फळ्या ठोकून बाटल्या मांडल्या होत्या आणि तळाच्या पोकळीत बर्फ भरला होता.

होडी तिच्या वडिलांची. ती लहान असताना वडील तिला घेऊन मासेमारीला जात, आणि झोप आली की ती त्या पोकळीत जाळ्यावर अंग टाकून झोपे. जिथे ती झोपायची तिथे आता बर्फ होता.

मागच्या मोसमानंतर होडी धक्क्यावरून हलली, तेव्हा कॅप्टन म्हणाला होता, "डागडुजीला दिलीय." मग या मोसमाच्या पहिल्या फेरीला ती प्रवाशांना घेऊन इथे उतरली आणि डागडुजी तिला दिसली. सोबत सहा प्रवासी होते. तिने त्यांना छत्र्या दाखवल्या, स्वच्छतागृह दाखवलं, शिंपले वेचायची जागा दाखवली. परत जाताना गुहेत सगळी वाक्यं म्हटली, एकही चुकलं नाही. पाठांतर ही केवढी सोय आहे, ते तिला त्या दिवशी कळलं.

त्या संध्याकाळी तिने एवढंच विचारलं होतं, "होडी?"

"कुजली होती," तो म्हणाला होता.

कुजली होती हे खरं होतं. शेवटी शेवटी वडीलही कामाचे राहिले नव्हते. त्यांना कोणी विकलं नव्हतं. पण हे तिने म्हटलं नाही, आणि मग पुढचंही काही म्हटलं नाही. आधी राग होता. राग होता तोवर बरं होतं. रागाला निदान वेळेवर भूक लागते. नंतर राग कधी गेला ते कळलंच नाही. आता ती रोज तिथे उभी राही आणि हलणारा दात जिभेने चाचपावा तसं आत चाचपून पाही. दात असे. दुखत नसे.

"किती कल्पक!" मुख्याध्यापिका काउंटरसमोर उभ्या राहून म्हणाल्या. "अहो, इथे उभे राहा. फोटो काढा. म्हणजे मी उभी राहते, तुम्ही काढा."

नव्या जोडप्यातली मुलगी होडीच्या फळीवर हात ठेवून उभी राहिली. "खरी आहे की मुद्दाम जुनी केलीय?"

"खरी आहे," ती म्हणाली.

"वाटत नाही हो!"

एजंट खांद्यावरची लहानशी पिशवी सावरत काउंटरशी आला, एक बाटली घेतली आणि झाकण उघडायला कोपरा शोधायला लागला. त्याने ते होडीच्या काठावर ठेवून दणका दिला. झाकण उडालं. काठावर तशा खुणांची ओळच होती. तिने वळून पाण्याकडे पाहिलं. कॅप्टन उतरला नव्हता. या किनाऱ्यावर तो मोसमभर एकदाही उतरला नव्हता. बोटीत बसून तो कोरड्या फडक्याने कोरडं स्टिअरिंग पुसत होता.

गुहा किनाऱ्यापासून जवळच होती. तोंड अरुंद, आत शिरताना सगळ्यांना माना खाली घालाव्या लागत. आत गेल्यावर मात्र छत उंच होई आणि पाणी खालून उजेड लावल्यासारखं हिरवं दिसे. कॅप्टनने इंजिन बंद केलं. बोट घसरत घसरत मधोमध येऊन थांबली.

"इथे आपण एक मिनिट कोणीही बोलायचं नाही," ती म्हणाली. "गुहा काय म्हणते ते ऐकायचं."

गुहा फार काही म्हणत नसे. छतावरून थेंब पडत, आणि पाणी खडकाच्या फटीत शिरून चूळ भरल्यासारखा आवाज करी. मिनिट होत आलं की कॅप्टनने म्हणायचं, 'माझी बायको गप्प बसते अशी जगातली ही एकच जागा.' त्यावर तिने म्हणायचं, 'आणि हे बोलतात अशीही एकच.' मोसमभर या दोन वाक्यांना हमखास हशा मिळत होता.

मिनिट झालं.

"आता म्हणतील," मुख्याध्यापिका कुजबुजल्या.

कॅप्टनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. तो पाण्याकडे बघत होता. नव्या जोडप्याने आधी फोन वर धरले होते. काही घडेना तसे हळूहळू खाली घेतले. एजंटाने घसा खाकरला. तो आवाज फिरून परत आला तेव्हा त्याचा तोच ओशाळला.

तिने कॅप्टनकडे पाहिलं. तिचं वाक्य त्याच्या वाक्यावर टेकलेलं होतं. त्याचं आलं नाही तर तिच्याजवळ बोलायला काहीच नव्हतं. लाटेने बोट भिंतीकडे ढकलली. कॅप्टनने तळवा खडकावर टेकवून ती परत लोटली, आवाज न करता. तळवा ओला झाला. तो त्याने पँटला पुसला आणि पुन्हा तसाच बसून राहिला.

"पाणी वाढतंय," शेवटी ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

यावर कोणी हसलं नाही. त्याने इंजिन सुरू केलं.

परतीच्या वाटेवर मुख्याध्यापिका यजमानांना बराच वेळ समजावत होत्या, की गुहेत खरं म्हणजे काय व्हायला हवं होतं. धक्क्यावर उतरल्यावर त्या तिच्याजवळ आल्या आणि तिचा हात हातात घेतला.

"सहल छानच हो. पण गुहेतला विनोद राहिला. शेवटचा दिवस म्हणून उरकायचं नसतं. मुलांना... म्हणजे लोकांना बरोबर कळतं."

"चुकलंच," ती म्हणाली. "पुढच्या वेळी."

"पुढच्या वेळी आम्ही डोंगरावर जाणार आहोत," यजमान अचानक म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य. मुख्याध्यापिकांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघं त्यावर बोलत बोलत निघून गेली.

ती सगळी जॅकेटं घेऊन टपरीत आली. मांडणीवर एकेक अडकवलं. मग मांडणीमागे हात घातला. बॅग नव्हती. तिने वाकून पाहिलं. लादीवर बॅगेच्या आकाराचा कोरडा चौकोन होता, भोवती मोसमभराची ओल.

बाहेर बोटीचं इंजिन चालूच होतं. हे विचित्र होतं. कॅप्टन धक्क्याला लागण्याआधीच इंजिन बंद करून उरलेलं अंतर वाहवत येणारा माणूस. इंजिन नुसतं चालू दिसलं की त्याला खिशाला भोक पडल्यासारखं होई. ती धक्क्यावर आली. प्रवाशांची पोती रिकामी होऊन घडी करून ठेवली होती. मोठं नारिंगी पोतं बोटीच्या नाकाजवळ तसंच बांधलेलं होतं. तोंडाशी दोन गाठी मारलेल्या. भिजू नये म्हणून आणखी एका पोत्यात घातलेलं.

"सकाळी जॅकेटं काढताना दिसली," तो म्हणाला. पाठ केलेलं नसल्यामुळे त्याचा आवाज वेगळाच येत होता. "बस लांबून वळसा घालून जाते. अंधार होईल तुला. पलीकडच्या धक्क्यावर सोडतो."

तिने पोत्याच्या तोंडाशी मारलेल्या गाठींकडे पाहिलं.

"पुढे बस," तो म्हणाला. "रिकामी बोट नाक उचलते."

ती बोटीत उतरली आणि पुढे, पोत्याशेजारी, त्याच्याकडे पाठ करून बसली. दिवसभर ती याच पोत्यावर पाय टेकवून बसली होती. आता तिने पाय बाजूला घेतले. हात लांबवून खुंटावरून दोर सोडवला आणि हातात धरला.

मागून काही आवाज आला नाही. तिने वळून पाहिलं नाही. तो टोपी घालून स्टिअरिंगला हात लावून उभा असणार, हे तिला न पाहता माहीत होतं. तो वाट पाहत होता. ती विचारेल, मग तो म्हणेल, मग ती म्हणेल, आणि बोट निघेल.

धक्क्यावरचे दिवे लागले. एक माणूस सायकल हातात धरून गेला, त्याने दोघांकडे पाहिलं, कोणीच बोलत नाही असं पाहून तोही काही न बोलता गेला. इंजिन चालू राहिलं. पेट्रोल जळत होतं. कॅप्टन त्याबद्दल काही म्हणाला नाही.

बोट थोडी सरकली तसे तिचे हात आपोआप हलले. दोर खुंटाभोवती एकदा फिरला. गाठ तिने मारली नाही. पण शांत पाण्यात नुसत्या एका वेढ्यावरही बोट बराच वेळ थांबते, हे वडिलांनी तिला होडीतच शिकवलं होतं.