तिसाव्या प्रश्नावरची खूण

तो तक्ता मी स्वतः बनवला होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही. तीस प्रश्न. स्वतःचं जेवण करता येतं का, भांडी वेळेवर घासली जातात का, कपडे, अंघोळ, औषधं, असं करत करत तिसापर्यंत. प्रत्येक ‘हो’ला एक गुण. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांना आमची संस्था राहायला खोली देते, खोलीची किल्ली त्यांच्या हातात देते आणि खाली एक नर्स बसवते. अशी आमची तीन घरं, एकूण बेचाळीस खोल्या, आणि त्या सगळ्यांची संचालिका मी. दर सहा महिन्यांनी तक्ता भरायचा. सव्वीस गुण पडले की माणूस एकट्याने राहायला तयार झाला असं धरायचं, त्याला बाहेर छोटंसं घर मिळवून द्यायचं आणि त्याची खोली यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. यादीत शंभरावर नावं होती. बरा झालेला माणूस खोली अडवून बसला तर आजारी माणूस रस्त्यावर राहतो, हे वाक्य मी इतक्या सभांमधून टाकलंय की माझं मलाच पाठ झालंय.

यादीत पहिलं नाव माझ्या दादाचं होतं.

मी हे लपवलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्याचं नाव रीतसर घातलं, विश्वस्तांना लेखी कळवलं आणि नंबर आपोआप वर सरकेपर्यंत थांबले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, साठीला टेकलेला. आई गेल्यापासून अकरा वर्षं तो माझ्याकडे आहे. त्याला आवाज ऐकू येतात. औषधाने ते लांब जातात, पण निघून जात नाहीत. त्याचा कुणाला त्रास नाही. मी बाहेर पडले की तो खिडकीशी उभा राहतो आणि मी परत येईपर्यंत तिथून हलत नाही, एवढंच. एवढंच म्हणते खरी, पण अकरा वर्षांत मी एक रविवार मैत्रिणीकडे काढलेला नाही.

घड्याळजी आमच्या पहिल्या घरात तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. एकेकाळी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. औषधांनी हात थरथरायला लागले तसं बारीक काम सुटलं, नाव तेवढं राहिलं. सात वर्षांपूर्वी आले तेव्हा वर्षभरात तीनदा इस्पितळात गेले होते. गेल्या चार वर्षांत एकदाही नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना घड्याळजींची खोली दाखवायचो. पलंगावरची चादर ताणलेली, बशीवर बशी, औषधांची डबी खिडकीत. बोलणं मात्र बेताचं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: तुम्ही म्हणाल तसं, ताई.

एरवी तक्ता नर्सबाई भरायच्या. त्या सहामाहीला त्या रजेवर होत्या, म्हणून मी बसले. एकोणतीस प्रश्न झाले, पंचवीस गुण झाले. तिसावा प्रश्न: एकट्याने राहायची इच्छा आहे का? ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मी ‘हो’वर खूण केली. पेन अडखळलंसुद्धा नाही. ‘नाही’ तर म्हणाले नाहीत ना, असं मी मनाशी म्हटलं. आधीच्या सगळ्या तक्त्यांवर नर्सबाईंनी तो चौकोन कोरा सोडला होता, हेही मला दिसत होतं.

दोन महिन्यांनी घर मिळणार असं ठरलं. घड्याळजींनी खोली सोडल्याच्या कागदावर सही केली, तीही मी बोट ठेवलं तिथे. नर्सबाई रजेवरून आल्या, त्यांनी तक्ता पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, जिभेने फटकळ बाई. त्या भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घरी दादाला सांगितलं तेव्हा त्याने एकच विचारलं, खिडकी कुठल्या बाजूला आहे. रस्त्याच्या, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता दाढी केली. आठवडाभरात बॅग भरून पलंगापाशी ठेवली आणि रोज उघडून पुन्हा नीट लावायला लागला. मी मैत्रिणीला फोन केला आणि तिच्याकडे राहायला येते म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर रडले. आनंदानेच रडले, खोटं कशाला बोलू.

आणि मग घड्याळजी बिघडायला लागले. आधी पातेलं करपलं, तेही तीन दिवस ओळीने. पुढच्या आठवड्यात भांड्यांचा ढीग साचला. त्यानंतर एकच सदरा अंगावर, आणि त्यानंतर अंघोळ बंद. चार वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलेलं सगळं महिन्याभरात पाण्यात, असं मला वाटलं. नर्सबाई मात्र तक्ता घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी तो टेबलावर पसरला.

“मॅडम, हे बघा. चौथा प्रश्न जेवण. पाचवा भांडी, सहावा कपडे, सातवा अंघोळ. दर आठवड्याला एक. आजार कधी असा नंबरवारीने येतो का?”

तक्त्याची एक प्रत प्रत्येक घरात जिन्यापाशी लावलेली असते. आपल्याला काय विचारलं जाणार हे माणसाला आधी कळलं पाहिजे, असा माझाच आग्रह होता. घड्याळजींनी तो वाचला होता आणि गुण कमी करायला निघाले होते. मी आठवा प्रश्न पाहिला. शेजाऱ्यांशी बोलणं. नर्सबाई म्हणाल्या, ते परवापासून बंद आहे. मग आम्ही दोघींनी नववा वाचला. स्वतःची औषधं स्वतः घेतात का.

मी संतापले. सात वर्षं ज्याच्यासाठी राबलो तो माणूस आपल्याला फसवतोय, हा राग होता. आणि त्याच्या खाली दुसरा राग होता, जो मी नर्सबाईंना दिसू दिला नाही. खोली सोडायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. मी तडक कोपऱ्यातल्या खोलीत गेले. घड्याळजी खुर्चीत मळक्या सदऱ्यात बसले होते, आणि तो सदरा त्यांना किती नकोसा झालाय हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. मी सांगितलं की गुण लागून गेलेत, आता काहीही केलंत तरी ते बदलत नाहीत, तेव्हा हे नाटक पुरे. ते म्हणाले, बरं ताई. जायचं नाहीये का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि तेच मला नको होतं.

नर्सबाईंचं म्हणणं होतं की निदान गोळ्या तरी समोर घ्यायला लावू. पण आमच्याकडे शेवटचा महिना सरावाचा असतो. जाणाऱ्याच्या औषधांत नर्सने लक्ष घालायचं नाही, म्हणजे पुढे त्याला जड जात नाही. तो नियमही माझाच. एकट्याने राहायला निघालेल्या माणसावर पहारा कसला, असं मी त्यांना ऐकवलं. त्या म्हणाल्या, “तुमचा नियम, तुमची जबाबदारी,” आणि निघून गेल्या.

नियोजित दिवसाच्या पाच दिवस आधी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. घड्याळजींनी घरातली सगळी घड्याळं उतरवून बोळात ओळीने मांडली होती. काटे काढून हातात घट्ट धरले होते, तळव्यातून रक्त येत होतं. कितीतरी दिवस झोपले नव्हते. मी पोचले तेव्हा ते मला ओळखत नव्हते. घड्याळं आपल्याला बाहेर काढायचं ठरवतायत, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि बोळात उभ्या असलेल्या आमच्यापैकी कुणालाही त्यांना खोटं पाडता येत नव्हतं. दोघांनी धरून त्यांना गाडीत बसवलं.

बारा दिवसांनी इस्पितळात त्यांनी मला ओळखलं. ओठ सुकलेले, जीभ जड. मी खाटेशेजारी बसले. माफी मागायची ठरवून गेले होते, पण आधी तेच बोलले.

“नववा करायला नको होता, ताई. बाकीचे नुसते दाखवायचे होते. हा खरा निघाला.”

मी विचारलं, आणि फार उशिरा विचारलं, की तुम्हाला इथेच राहायचं होतं का. ते म्हणाले, “बरा होतो, ते तिथे होतो म्हणून.” एवढं सरळ उत्तर त्यांनी सात वर्षांत मला दिलं नव्हतं. की मी घेतलं नव्हतं, देव जाणे.

ऑफिसात आले तर यादी सांभाळणारा कारकून वाट पाहत होता. इस्पितळात गेलेल्याची खोली आम्ही तीन महिने राखून ठेवतो. पण घड्याळजींनी सोडल्याची सही केली होती, म्हणजे खोली रिकामी. पुढच्या नावाला पत्र पाठवू का, असं त्याने विचारलं. नाव त्याने घेतलं नाही, नुसता खाकरला. भला माणूस आहे. मी हो म्हटलं असतं तर त्याने पत्र टाकलं असतं आणि कुणीही माझ्याकडे बोट दाखवलं नसतं. कागद सगळे सरळ होते. दादाचा नंबर खरा होता, त्याची सहा वर्षं खरी होती, त्याची गरजही खरी होती.

मी फाइल मागवली आणि तिसावा चौकोन पाहिला. खूण ठसठशीत होती, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली. मग मी विश्वस्तांना पत्र लिहिलं. तिसावं उत्तर त्या माणसाचं नाही, माझं आहे. खरे गुण पंचवीस. सोडल्याचा कागद रद्द धरावा, खोली त्यांच्या नावावर ठेवावी. सरावाचा नियम मागे घेतला आहे. आणि ही खोली कुणाला मिळणार होती हे मला माहीत असताना मी तक्ता भरायला बसायलाच नको होतं, तेव्हा माझं काय करायचं ते आपण ठरवावं. नर्सबाईंनी पत्र उभ्यानेच वाचलं. शाबासकी दिली नाही, ते बरंच झालं. चहा ठेवू का, असं तेवढं विचारलं.

कारकुनाकडून मी एक गोष्ट काढून घेतली होती. आमच्या घरांतून दुसरं कुणी इतक्यात जाण्यासारखं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. दादा खिडकीशी नव्हता. इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर बसला होता, बॅग मांडीवर. जायचा दिवस आठवडाभर पुढे गेलाय एवढंच मी त्याला सांगितलं होतं, आणि तो दिवस आज होता. मी समोर बसले आणि सांगितलं की खोली मिळणार नाही. ज्यांची होती ते इस्पितळातून तिथेच परत येणार आहेत.

त्याने बॅगेवरचे हात काढले नाहीत. “त्यांनी सोडली होती ना?”

“मी सोडायला लावली होती.”

“का?”

मी म्हणणार होते की चूक झाली, तक्त्यात घोळ झाला. तोंड उघडलं आणि ते जमलं नाही.

“तुला मिळावी म्हणून.”

आवाज ऐकत असला की दादा मान कलती करतो. आता त्याची मान सरळ होती. त्याने विचारलं, “मला मिळावी म्हणून, की मी जावं म्हणून?”

सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. विश्वस्तांनी नाही, नर्सबाईंनी नाही. माझा आजारी भाऊ ते इतक्या साध्या आवाजात विचारत होता की खोटं बोलायला आडोसाच मिळेना.

“तू जावंस म्हणून,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बॅग उघडली, सदरे एकेक करून बाहेर काढले आणि माझ्याकडे न देता स्वतः कपाटात ठेवायला लागला. शेवटचा सदरा ठेवताना पाठमोराच म्हणाला, “मलाही जायचं होतं. तुझ्याकडे बघत बसायचा मलाही कंटाळा आलाय.”