इंची आटे

गिटारची दांडी इंची आट्यांची लागेल असं माझे यजमान म्हणाले, तेव्हाच मला संशय आला.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा खाली जिथे अडकवतात, तिथल्या लोखंडी ठोकळ्याच्या भोकात एक वाकडी दांडी स्क्रूसारखी आट्यांवर पिळून बसवतात. ती दाबली की तारा सैल पडून सूर खाली जातो, सोडली की वर येतो. माझा भाचा कौस्तुभ नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि गिटार आमच्या आचऱ्याच्या घरी ठेवून गेला. दांडी त्याने आधीच कुठेतरी हरवली होती. तीन वर्षं मी मोबाइलवर बघून बघून वाजवायला शिकले. आता कणकवलीच्या बायकांच्या वाद्यवृंदात मला घेतलं होतं, आणि वृंद चालवणाऱ्या प्राजक्तामॅडमनी सुरुवातीचा तुकडा मला दिला होता. त्यात एक लांब सूर गळासारखा खाली सोडून पुन्हा वर ओढायचा. पुढच्या शनिवारच्या तालमीपर्यंत तो सूर बसला नाही, तर तुकडा कीबोर्डला देऊ, असं त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं. म्हणजे मी मागच्या रांगेत बसून ठेका धरायचा. पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा पुढची खुर्ची मिळत होती. ती मला सोडायची नव्हती. कार्यक्रम तालमीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे आठ दिवसांवर रविवारी होता.

ऑनलाइन दांड्या तीन प्रकारच्या होत्या: पाच मिलिमीटर, सहा मिलिमीटर आणि इंची. फोटोत तिघी सख्ख्या बहिणी. माझे यजमान हरिश्चंद्र बावीस वर्षं जहाजावर फिटर होते. त्यांनी गिटार दारापुढच्या खळ्यात, अंगणात, उजेडाला नेली, ट्रंकेतून आटे मोजायची पट्टी काढली, भोकात काडी घालून बघितली आणि म्हणाले, इंची. पाचची दांडी बसतेय असं वाटेल, पण बसणार नाही.

मी मोबाइल बघितला. पाचची दांडी चार दिवसांत येणार होती, इंची एकवीस दिवसांनी.

एकवीस दिवस! मी ह्यांच्याकडे बघितलं. ते पट्टी तेलाच्या फडक्याने पुसत होते, चेहऱ्यावर काही नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. कायमचे घरी आल्यापासून, मी गिटारची पिन लावली की ह्यांना माडांना पाणी घालायची आठवण होते, पावसाळ्यातसुद्धा. कार्यक्रमाची तारीख त्यांनी दोनदा विचारली होती. जाऊ नको असं मात्र एकदाही म्हणाले नव्हते. म्हणणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

मी गुपचूप पाचची मागवली.

आली. दोन वेढे सुरळीत गेली आणि घट्ट झाली. ह्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. गिटार चादरीत गुंडाळली आणि खाडीवरच्या लवूकडे नेली. लवू होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने चादर उघडून आधी चारी बाजूंनी बघितलं.

"वैनी, हेचा इंजिन खंय बसता?"

मी म्हटलं, इंजिन मी. तो खूश झाला. हे इंची म्हणतात असं सांगितल्यावर तर जास्तच. जहाजावरच्या माणसांना सगळं इंचीच दिसतं, आमच्या खाडीत सगळं मिलिमीटरात, असं म्हणत त्याने ग्रीस लावलं, पाना धरला आणि दांडी तळापर्यंत पिळली. मग परत सोडवली, पुसली, आणि लवूची जी रीत आहे ती त्याने केली. इंजिनाच्या हादऱ्याने बोल्ट सुटू नये म्हणून तो प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना लाल औषध लावतो. माझ्या दांडीलाही लावलं, न विचारता, चार थेंब, अगदी मायेने.

"आता तुफानातय सुटूची नाय."

कुणीतरी आपल्या बाजूचं आहे, अशा आनंदात मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडी छपराकडे बोट दाखवून उभी होती आणि हलत नव्हती. ही दांडी हाताखाली यायला हवी, नको तेव्हा बाजूला सरायला हवी. बोल्टासारखी बसली तर तिचा उपयोग काय? मी जोर केला. कट्ट झालं. अर्धी दांडी माझ्या हातात, अर्धी भोकात. वार गुरुवार.

खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की ह्यांनीच रात्री काहीतरी केलं असणार. मग ते चार लाल थेंब आठवले.

हे आत आले. तुटकी दांडी बघितली. चष्मा घातला.

"आता बरा वाटला असात तुमका," मी म्हटलं.

"होय," ते म्हणाले.

मी त्या उत्तराला तयार नव्हते.

"तू जाव नये असा माका वाटत होता," ते गिटारकडे बघत म्हणाले. "बावीस वर्सां मी भायर होतंय. आता मी घराक इलंय, तर तू भायर निघालंस."

"मगे इंची कित्याक सांगलास? एकवीस दिवस लागतले म्हणानच ना?"

मी त्यांना शिवी दिली असती तरी इतकं लागलं नसतं.

"इंचीच होते म्हणान सांगलंय. आट्यांचा खोटा माप माज्या तोंडातसून येवचा नाय, गो."

त्यानंतर बोलणं संपलं आणि काम सुरू झालं. गिटारच्या पाठीवरचं झाकण उघडून त्यांनी स्प्रिंगा सोडवल्या, ठोकळा बाहेर काढला. डाग द्यायचं सोल्डरिंगचं हत्यार तापवून त्याने औषध सैल केलं, तुकडा ड्रिलने पोखरून काढला. भोकातले आटे खलास झाले होते. ते भोक मोठं करून त्यांनी सहा मिलिमीटरचे नवे आटे पाडले. ट्रंकेत स्टीलची सळी होती, तिच्या टोकाला तसेच आटे पाडले. मला खुर्चीवर बसवलं, गिटार मांडीवर दिली, आणि माझी करंगळी जिथे पोचते तिथे सळीवर खडूने खूण केली. माझे हात आखूड. विकतची दांडी चार बोटं लांबच होती.

ते तिथे करवत लावायला लागले आणि माझा संशय पुन्हा जागा झाला. आखूड दांडी दाबायला जड जाते, हे मी मोबाइलवर बघितलं होतं. तसं विचारलं. त्यांनी करवत ठेवली, एक स्प्रिंग काढून टाकली म्हणजे जड जाणार नाही असं सांगितलं, आणि आट्यांची पट्टी माझ्या हातात दिली.

"तपास."

मी तपासलं. लाज न बाळगता सगळे आटे तपासले. मग त्यांनी सळी तापवून लोखंडी पकडीत धरून वाकवली, आणि दांडी सोडली तिथेच थांबावी म्हणून पेनातली बारीक स्प्रिंग भोकाच्या तळाशी घातली.

शुक्रवारी दुपारी मी दांडी दाबली. सूर खाली गेला, थोडा थरथरला आणि बरोबर आपल्या जागी परत आला. हे मान खाली घालून ऐकत होते, इंजिनात कुठे खडखड आहे का ऐकावं तसे.

"रविवारी मी येवचंय नाय," ते म्हणाले.

"येव नकात," मी म्हटलं. रागाने नाही. त्यांना जमणार नव्हतं तेवढं सोडून बाकी सगळं त्यांनी केलं होतं.

शनिवारी तालमीत प्राजक्तामॅडमनी तो सूर दोनदा वाजवून घेतला आणि कीबोर्डवालीला मागे बसवलं. रविवारी माझी खुर्ची पुढे होती. तुकडा झाल्यावर टाळ्या पडल्या.

मध्यंतरात घरून फोन आला.

"आटे धरल्यानी?"

"धरल्यानी."

"सूर जाग्यार इलो?"

"इलो."

मागे आमच्या माडांना पाणी सोडल्याचा आवाज येत होता. मग त्यांनी मी कितीच्या गाडीने येणार ते विचारलं. साडेसहाच्या, असं सांगितलं. प्राजक्तामॅडमनी पुढच्या महिन्यातल्या दोन कार्यक्रमांत माझं नाव घातलंय, हे मात्र मी सांगितलं नाही.